कात्री न्यायला येते

दि. ११ नोव्हेंबर

प्रिय आक्का,

धाकटीचा वाकून नमस्कार. वाकून हे आपलं लिहिण्यापुरतं. कमरेनं ते काम कधीच सोडलंय. आम्ही इकडे सगळे मजेत. लिहिणारी नेहमीप्रमाणे माझी नात. मी खाटेवर बसून नुसतं तोंड चालवतेय.

तुझं पत्र पोचलं. नातीनं वाचलं आणि म्हणाली, "किती गोड लिहिलंय गं मोठ्या आजीनं! सगळं छान चाललंय तिचं." म्हटलं, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं तरी तेच. तब्येत बरी, सून जिवाला जपते, शेजारी चांगले, नळाला पाणी भरपूर.

आक्के, इतक्या वर्षांत तुझ्या पत्रातला नळ कधी धड चालला नव्हता. शेजाऱ्यांचा कुत्रा, खाटेची करकर, सुनेचा अळणी स्वयंपाक (सूनबाई, आक्काला वाचून दाखवताना हे गाळू नकोस), एवढं रडगाणं आलं की मी निवांत झोपायचे. म्हणायचे, आमची थोरली धडधाकट आहे.

आणि शेवटी ते वाक्य. 'तुझी काजं फार सुरेख असायची.'

शिंप्याच्या दुकानात तू कापड बेतायचीस, मी काजं-बटणं करायचे. भर गिऱ्हाइकांत म्हणायचीस, "मेले, उंदरानं कुरतडल्यासारखी करतेस!" तेव्हा मला कधी काही वाटलं नाही. परवा 'सुरेख' ऐकलं आणि हातातला चहा अंगावर सांडला.

नात म्हणते, "अगं, कौतुक केलंय, रडतेस कशाला?" मी रडत नव्हते, असं लिही म्हटलं तिला. तर पेन खाली ठेवून विचारते, "आजी, तू बोलतेस ते लिहू, की तुला म्हणायचंय ते?"

म्हटलं, बोलते तेच लिही. थोरली बरोबर ऐकेल.

डॉक्टर काय म्हणाले, ते मी विचारत नाही. तूही सांगू नकोस. सुनेला पत्र सांगताना तू कुठे कुठे थांबली असशील, ते मला इथे बसून कळलं.

गुरुवारी येतेय. तुला भेटायला नव्हे, एवढा रिकामा वेळ कुणाला आहे! काजं कापायची माझी छोटी कात्री दुकान सोडल्यापासून तुझ्याकडेच पडलीय, ती न्यायला येतेय. ती हातात पडली की त्याच पावली परत.

सूनबाई, आता पुढचं जरा मोठ्यानं वाच, तिच्या डाव्या कानाशी.

आक्के, कात्री नीट लपवून ठेव. चटकन सापडेल अशा जागी ठेवलीस तर माझ्याशी गाठ आहे.

तुझी,
उंदरासारखी काजं कुरतडणारी
धाकटी