पहिला फोटो आईचाच

५ जानेवारी २०२५, रविवार. जळगाव.
नवीन वर्षाचे चार दिवस फुकट गेले. आजपासून मात्र संकल्प पक्का. यंदा फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घ्यायचा. पण आधी लेन्स.

हे सूत्र धुळ्याच्या नीलेशचं. नीलेश लग्नाचे फोटो काढतो, त्याचा स्वतःचा स्टुडिओ आहे आणि फुल फ्रेमही आहे, म्हणून मी त्याला गुरू मानतो. तो म्हणतो, कॅमेरा दोन-चार वर्षांत जुना होतो, चांगली लेन्स जन्मभर पुरते. लोक आधी कॅमेरा घेतात आणि मग बोंबलत बसतात. मी त्यातला नाही.

शिल्पाला सगळं नीट समजावून सांगितलं. तिने विचारलं, आत्ताचा कॅमेरा बिघडलाय का? बायकोला फोटोग्राफीतलं कळावं ही अपेक्षाच चूक.

आईने आतून विचारलं, भाऊ, मना फोटो कव्हय काढशी? (म्हणजे माझा फोटो कधी काढशील. आई अहिराणी बोलते आणि मला नावाने हाक मारत नाही, भाऊच म्हणते.) म्हटलं, लेन्स आली की पहिला फोटो तुझाच. शब्द दिला.

७ जानेवारी
आईच्या फोटोचं प्रकरण काय आहे ते लिहून ठेवतो. आबा, म्हणजे माझे वडील, गेले तेव्हा त्यांचा एक धड फोटो घरात सापडला नाही. शेवटी मतदान ओळखपत्रावरचा मोठा करून घेतला. स्टुडिओवाल्याने आपल्या मनाने त्यांना निळा कोट घातला, वर टाय बांधला. आमच्या गल्लीत भिंतीवरच्या निम्म्या माणसांना मेल्यावरच कोट मिळालाय. आबा जन्मभर जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलत होते. कोट सोडा, त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी कधी लावली नाही.

आई रोज बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावते, मग आबांच्या फोटोसमोर लावते आणि म्हणते, हाऊ साहेब कोन शे काय माहीत. तिचं मागणं एवढंच आहे. मनं तसं करू नका. मनी पांढरी साडी आन् मनं तोंड, बस.

रास्त मागणी. म्हणूनच घाईने उरकायचं नाही.

१२ जानेवारी, रविवार
सध्याच्या लेन्सची परीक्षा घेतली. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवलं आणि फोटो काढून कोपऱ्यातली अक्षरं वाचता येतात का ते पाहिलं. पुसट येतात. वाटलंच होतं. कॅमेऱ्याबरोबर फुकट आलेली लेन्स ती.

मधेच आई साडी बदलून भिंतीपुढे येऊन बसली. तिला वाटलं, तिचाच फोटो. उठवावं लागलं, पेपरचा डावा कोपरा झाकला जात होता.

१६ फेब्रुवारी, रविवार
धुळ्याला जाऊन आलो. यश! नीलेशच्या ओळखीतून एक वाइड, म्हणजे रुंद देखावा टिपणारी लेन्स मिळाली. सेकंडहँड आहे, पण काय वजन! हातात घेतली की आपण कोणीतरी आहोत असं वाटतं. पुढे फुल फ्रेमलाही चालेल. येताना बसमध्ये पूर्ण वेळ मांडीवर घेऊन बसलो. एका बाईने विचारलं, बाळ आहे का?

घरी आल्या आल्या आईने खुर्ची पुसली. पण नीलेशने बजावलंय, वाइडने माणसाचा चेहरा काढायचा नाही, नाक मोठं येतं. आईला तसं सांगितलं. ती म्हणाली, नाक मोठं शेच मनं. मी ऐकलं नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

२ मार्च
फैजपूरला केळीच्या बागेत पहाटेपासून. वाइडचे अफाट फोटो आले. आईला लॅपटॉपवर दाखवले. तिने सगळे पाहिले, एकही न सोडता. शेवटी म्हणाली, केळी बेस आल्या.

संकल्प: आता पोर्ट्रेट लेन्स. पंच्याऐंशी एमएम. माणसाच्या चेहऱ्याला तीच. तोवर तांब्या, केळीचा घड, जिन्याचा कठडा यांच्यावर सराव. मागची बाजू धूसर कशी येते ते पाहायला आई बरी पडते. तिला लांब, स्वयंपाकघराच्या दारात बसवतो आणि फोकस तांब्यावर धरतो. ती निवडणं-टिपणं करत बसते, तिला त्रास नाही.

१४ एप्रिल, सोमवार
भीमजयंती. आई सकाळीच पांढरी साडी नेसून ओट्यावर खुर्चीत तयार. केस चापूनचोपून, चष्मा काढून हातात. आज काढ म्हणाली, आज मी चांगली दिसते.

दिसत होती, नाही कशाला म्हणू. पण ऊन! जळगावचं एप्रिलचं ऊन म्हणजे डोळ्यांखाली खड्डे दिसणार. मी गल्लीत फिरून कोणत्या भिंतीवरून प्रकाश परततो ते पाहत राहिलो. ती बसली बसली आणि दमून आत गेली. शिल्पा म्हणाली, एवढ्या वेळात दहा फोटो झाले असते. मग म्हणाली, मी काढलाय मोबाईलवर एक. मी म्हटलं, मोबाईलचा फोटो म्हणजे फोटो नव्हे, पुरावा. पाहिलासुद्धा नाही. उगीच डोळ्याला वाईट सवय नको.

संध्याकाळी आईची समजूत काढायला गेलो. रागावलेली अजिबात नव्हती. उलट हसत होती. आश्चर्य आहे.

१२ मे, सोमवार. बुद्ध पौर्णिमा.
ऐतिहासिक दिवस. नीलेशने त्याची पंच्याऐंशी एमएम दोन दिवसांसाठी दिली.

एक तांत्रिक अडचण. माझा कॅमेरा छोट्या सेन्सरचा, त्यामुळे या लेन्समधून सगळं फारच जवळ दिसतं. आईला हॉलमध्ये बसवलं तर नुसती हनुवटी. मागे सरकलो, पाठ भिंतीला लागली. आईला भिंतीशी नेलं, मी स्वयंपाकघरात. तरी कपाळ कापलं जाई. शेवटी आई ओट्यावर आणि मी रस्ता ओलांडून समोरच्या लताबाईंच्या गेटापाशी. मधून रिक्षा जात होत्या. आई तिथून ओरडली, भाऊ, इतला दूरथीन काढी ऱ्हायना, मी काय वाघ शे का? सगळी गल्ली हसली. मी हसलो नाही, हात हलतो.

बरेच फोटो काढले. घरी मोठे करून पाहिले. आईचा डावा कान अप्रतिम शार्प. कानातली कुडी, कुडीवरचा चरा, सगळं. डोळे मात्र किंचित पुसट. किंचित म्हणजे दुसऱ्या कोणाला कळणारही नाही, पण मला कळतं ना. आईने कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर एक पाहिला आणि म्हणाली, बेस शे ना भो, ऱ्हाऊ दे. ठेवला नाही. एकही ठेवला नाही. कार्ड साफ केलं. दर्जाशी तडजोड करायची तर मग मोबाईल काय वाईट होता?

मन हलकं वाटलं.

८ जून, रविवार
लेन्स ऑर्डर केली! स्वतःची! नवीकोरी! शिल्पा बोलली नाही. म्हणजे संमती.

आईला खोकला आहे. जिना चढताना धाप लागते. हवा बदलली की होतं तसं.

१५ जून
लेन्स स्टॉकमध्ये नाही, असा मेसेज. थांबू. चांगल्या गोष्टीला वेळ लागतो.

आईला डॉक्टरकडे नेलं. फुप्फुसात पाणी आहे म्हणाले, औषधं दिली. घरी आल्यावर आईने पुन्हा तेच विचारलं, मना फोटो कव्हय काढशी? म्हटलं, जरा गाल भरू दे. आजारपणातला चेहरा भिंतीवर नको. तिला पटलं असावं. नुसतं माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, बस जरासा. बसलो. लेन्सची माहिती दिली. आत काचेचे किती थर असतात, कोटिंग कसं असतं. तिने सगळं ऐकून घेतलं, मधे मधे हं म्हणाली.

२९ जून, रविवार
आईला अॅडमिट केलंय. डॉक्टर म्हणतात, बघू. मला या माणसाचं बोलणं आवडत नाही. बघू काय? बरी होणार आहे ती.

लेन्स निघाली. मोबाईलवर तिचा प्रवास दिसतो. आईला दाखवला, हे बघ, नागपूरला आली. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असल्यामुळे तिला बोलता येत नव्हतं. हाताने विचारलं, कधी? म्हटलं, आठवड्यात. तिने माझा हात दाबला. आता ती आठवडा नक्की काढणार. तिला काहीतरी उमेदीचं हवं होतं, ते मी दिलं.

५ जुलै
लेन्स भुसावळला अडकली आहे. कुरियरवाल्याशी फोनवर भांडलो. त्याला म्हटलं, तुला कळत नाही, माझी आई वाट बघतेय. तो म्हणाला, साहेब, औषध आहे का आत?

फोन ठेवला.

८ जुलै, मंगळवार
आई गेली. सकाळी.

१० जुलै
लेन्स आली. सही केली. बॉक्स कपाटावर ठेवला.

११ जुलै, शुक्रवार
रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम. फोटो लागणार.

सगळी हार्ड डिस्क पालथी घातली. आई पुष्कळ ठिकाणी आहे. तांब्याच्या मागे आहे. केळीच्या घडाच्या मागे आहे. जिन्याच्या कठड्याच्या मागे स्वयंपाकघराच्या दारात आहे. मीच पुसट केलेली आहे. एकीकडे तर मला तिचं तोंड कुठलं आणि भिंत कुठली हेही कळेना. तांब्यावरची नक्षी मात्र मोजून घ्या.

मे महिन्यातलं कार्ड परत मिळवता येईल का म्हणून नीलेशला फोन केला. त्याच कार्डावर नंतर इतके पेपर आणि भिंती काढल्या आहेत की आता काही उरलं नसणार, म्हणाला. मग तो मऊ आवाजात म्हणाला, आधार कार्ड पाठवून दे, मी मोठा करून देतो, वरती छान शालू घालून देतो.

मी ओरडलो त्याच्यावर. पहिल्यांदा. गुरू-बिरू काही नाही. मग रडायला आलं आणि रडलो. शालू नको होता तिला. एवढं एकच सांगितलं होतं बिचारीने.

शिल्पा बाहेर आली, मोबाईल पुढे धरला. चौदा एप्रिलचा.

१३ जुलै, रविवार
कार्यक्रम झाला. भन्तेजी आले होते. त्रिशरण, पंचशील, सगळं रीतसर. धुळ्याहून नीलेशही आला, मागे उभा राहिला.

फोटो आबांच्या शेजारी लावला. मी तो नीट तपासला. मोठा केल्याने दाणे आलेत. ऊन कडक, सावल्या कडक. मागे गॅसची टाकी आलीय. आई खुर्चीत बसली आहे, पांढरी साडी, चष्मा हातात. डोळ्यांखाली खड्डेबिड्डे काही नाहीत. ती कॅमेऱ्याकडे बघतच नाहीये. बाजूला, गल्लीकडे बघून हसतेय, असं हसतेय की बस. गल्लीत त्या वेळी मी होतो. भिंती तपासत.

समोरच्या लताबाईंनी डोळे पुसले आणि विचारलं, केसरबाई जशीच्या तशी आली, कोणी काढला? शिल्पा म्हणाली, यांनीच.

सगळे गेल्यावर तिला विचारलं, खोटं का बोललीस? ती म्हणाली, आईंनी सांगून ठेवलं होतं. जयंतीच्याच दिवशी त्यांना फोटो दाखवला होता. त्या म्हणाल्या, हाऊच लावजा. पण भाऊले सांगू नको, त्याला वाईट वाटेल, तो इतली मेहनत करी ऱ्हायना. कोणी विचारलं तर त्यानेच काढला म्हणून सांग.

मला आधी नीट समजलंच नाही. जयंती एप्रिलमध्ये. म्हणजे मे महिन्यात, जूनमध्ये तिला फोटो नकोच होता. तिचा फोटो तर झाला होता. मग विचारत का होती सारखी, कव्हय काढशी, कव्हय काढशी?

शिल्पा भांडी विसळत होती. म्हणाली, त्या निमित्ताने तुम्ही त्यांच्याजवळ बसायचात.

२० जुलै, रविवार
बॉक्स उघडला. लेन्स उत्तम आहे. नीलेश म्हणाला होता तसं, जन्मभर पुरेल. फुल फ्रेमचं पुढच्या वर्षी बघू. किंवा नाही बघणार.

ओट्यावर तीच खुर्ची ठेवली. रस्ता ओलांडून लताबाईंच्या गेटापाशी गेलो. फोकस पहिल्याच फटक्यात बसला, खुर्चीच्या पाठीवर. एकदम शार्प. वेतातला तुटका धागासुद्धा दिसतो. हा ठेवला.

एवढ्या लांब का उभा आहेस म्हणून कोणी ओरडलं नाही. बराच वेळ थांबलो होतो.