दारातून परत

लोहारा, यवतमाळ

प्रिय पायल,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र राजदीपच्या हाती देते आहे. तुझा चुलतभाऊ आहे, त्याला तरी घरात घे. आणि वाचायला घेतलंस तर अर्ध्यात फाडू नकोस. छकुली कशी आहे? जावईबापूंनी फोटो पाठवले. नाक तुझं आहे, पण कपाळावरची आठी थेट तुझ्या बाबांची, बिचारीला आत्तापासूनच सगळ्या जगाचा राग! तुझ्यासाठी केलेले डिंकाचे लाडू शेवटी मीच संपवले. बाळंतीण अमरावतीला आणि लाडू खाणारी म्हातारी इथे, असं झालं.

तुझा राग मला कळतो. पहिलं बाळंतपण माहेरचं, हे काय कुणी शिकवावं लागतं? सातव्या महिन्यात तू बॅग घेऊन आलीस आणि हा माणूस, तुझा बाप, फाटकात आडवा उभा राहिला. "काहून आली तू? इथं जागा नाही, तिकडेच राह्य." मी पाणी आणायला आत गेले, तेवढ्यात तू रिक्षात बसलीसुद्धा होतीस. त्यानंतर कितीतरी दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. आजारी माणसाला घास भरवायचा आणि मनात शिव्या द्यायच्या, असे दिवस काढले. विचारलं की म्हणायचे, "तुले नाही समजणार." मला वाटलं, आजारानं माणूस तिरसट झाला.

तेव्हा त्यांचा शेक नुकताच संपला होता. रेडिएशनला आपल्याकडे सगळे शेकच म्हणतात. गाठ आतड्याच्या अगदी शेवटाला, मोठी झालेली आणि आजूबाजूला चिकटलेली. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, अशीच कापायला गेलो तर मुळं मागे राहतील. आधी शेक आणि गोळ्या देऊन ती आक्रसू द्यायची, दोनेक महिने थांबायचं, मग काढायची. कमरेवर निळ्या खुणा करून दिल्या होत्या. त्या पुसू नयेत म्हणून तुझे बाबा तांब्याभर पाण्यात अंघोळ उरकत. रोज पोटभर पाणी पिऊन लघवी दाबून बसायचं आणि नंबर लागेपर्यंत माझ्यावर डाफरायचं. पण शेकानं आपलं काम केलं गं. रक्त थांबलं, गाठ निम्म्याहून लहान झाली, ऑपरेशनही नीट झालं. शौचासाठी पोटाला पिशवी लागली, तीही त्यांनी सोसली. मी म्हटलं, सुटलो. मागच्या आठवड्यात तपासणीला गेलो, तेव्हा कळलं की रोग यकृतात पसरलाय. शेक जिथं देतात तिथंच काम करतो, असं डॉक्टर म्हणाले. आता नवीन काही करण्यासारखं नाही, घरी न्या, दुखण्यावर औषध देतो, म्हणाले.

डॉक्टरांनी सहज विचारलं, नातीला पाहिलं का? तर हे खालच्या आवाजात म्हणतात, "साहेब, अंगातला शेक किती दिवस राह्यते? म्हंजे लेकीले बोलावता येईन." डॉक्टरांना आधी कळेचना. मग म्हणाले, तुम्हाला दिला तो शेक अंगात राहतच नाही, मशीन बंद झालं की संपला, त्याच दिवशीसुद्धा लेकीला जवळ घेता आलं असतं. पायल, त्या मशीनच्या खोलीवर पाटी होती, गरोदर बायांनी आत येऊ नये. शेक देताना सगळे बाहेर पळत आणि जाड दार लागे. ते सगळं या माणसानं पाहिलं आणि मनाशी हिशेब मांडला. जन्मभर लाईनमन. लाईन बंद केली तरी तारेत करंट उरतो, तो जमिनीत सोडल्याशिवाय हात लावायचा नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यांना वाटलं, आपल्या अंगातही तसंच काही उरलं असेल आणि तुझ्या पोटातल्या जिवाला बाधेल. कारण सांगितलं असतं तर तू हसून आत शिरली असतीस. म्हणून मुद्दाम वाईट बोलले. नामकरणाला आले नाहीत तेही याचसाठी. परतीच्या बसमध्ये खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर घेऊन यवतमाळ येईपर्यंत रडले. एवढंच म्हणत होते, "पोरीले उगाच हाकललं मी." मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते, पण शहाण्यासारखं एकदा डॉक्टरला विचारायचं होतं की नाही, म्हणून रागही आला. अजून येतो. कुणावर काढू?

आता ते उठत नाहीत. चमचाभर पेज जाते, तीही माझं मन राखायला. तुला बोलवू का म्हटलं, तर भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "कोणत्या तोंडानं बोलावू तिले?" म्हणून मी बोलावते आहे, त्यांना न सांगता. राजदीप गाडी घेऊन आलाय, छकुलीला गुंडाळ आणि त्याच्याबरोबरच नीघ. उद्यावर टाकू नकोस, उद्याचं मला काही सांगता येत नाही. आलीस की रागावू नकोस, माफीही मागायला लावू नकोस. ते हात मागे घेतील, तरी पोर त्यांच्या छातीवर ठेव आणि तू बाजूला हो.

वाट पाहते,
तुझीच
आई