चेनचं कव्हर

कंधार,
सोमवार

प्रिय भुजंग,

आधी 'जावईबापू' लिहिलं होतं, ते खोडलं. लग्न झाल्यापासून मी तुला अहो-जाहो करत आले, सासूने करावं तसं. आजचं पत्र तुला सातवीत विज्ञान शिकवणाऱ्या हनमंते बाईंचं आहे, म्हणून अरे-तुरे. राग आला तर येऊ दे. वाच मात्र शेवटपर्यंत. अर्धा पेपर सोडून उठायची तुझी सवय मला माहीत आहे.

काल तुझे दगडोबामामा येऊन गेले. चहा घेतला, गुडघ्याचं रडगाणं सांगितलं आणि मग निरोप काढला. "भुजंग येत्या ऐतवारी येऊन राहिला, बाई. गाडी न्यील अन् सूनबाईला बी न्यील. लातुरात पाण्याचे लई हाल हायत. टँकर येतो तवा पोरगा हापिसात असतो. पाणी धरायला घरी माणूस न्हाई." मी विचारलं, कोणत्या हाताने धरायचं तिनं? तर म्हणाले, "एक हात तर धड हाय की." मामा वाईट माणूस नाही, पढवून पाठवलं तेवढंच बोलतो. उंबऱ्यात चप्पल घालताना "पदर बाईमाणसानंच सांभाळाया पाहिजे, आता काय बोलावं" हेही बोलून गेले. ते वाक्य तर मी होळीच्या अपघातानंतर तुझ्याच तोंडून नांदेडच्या दवाखान्यात ऐकलं होतं. डॉक्टरांना तू तेच सांगितलंस, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तेच. माझी सिंधू समोर खाटेवर पडली होती, गळपट्टीचं हाड मोडलेलं, डाव्या हाताची दोन बोटं गेलेली. तिला कोणी काही विचारलं नाही. मीही नाही, कारण तू रडत होतास आणि मला ते खरं वाटलं.

लातूरचा जिल्हा झाला, नवी कचेरी उभी राहिली आणि तुला तिथे नोकरी लागली, तेव्हा शाळेत पेढे मी वाटले. माझा विद्यार्थी, शिकलेला, दारूला न शिवणारा, हुंड्याचं नाव न काढणारा. विहारात लग्न लागलं तेव्हा मला वाटलं, पोरीचं काम झालं. सिंधूचं टायपिंग झालं होतं, कचेरीत आणखी जागा निघणार होत्या. दोघं एकाच गाडीवरून कामाला जातील, असं मी चार लोकांत बोलून दाखवत होते.

ती गाडी होळीपासून माझ्या अंगणात लिंबाखाली उभी आहे. यंदा दुसऱ्या वर्षीही पाऊस नाही, टँकरच्या येण्या-जाण्याने रस्त्याची धूळ घरात येते, गाडीवर तर बोटभर थर बसला होता. न्यायची आहे तर धड अवस्थेत न्यावी, म्हणून आज सकाळी चेन साफ करायला घेतली. वीस-बावीस वर्षं सायकलने शाळेत गेले, चेनला दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नाही. फटफटीची चेन जाड असते इतकाच फरक.

गाडी मधल्या स्टँडवर घेतली, पक्कडीने चेनच्या जोडाचं लॉक काढलं, चेन घमेल्यात रॉकेलमध्ये भिजत घातली. उघड्या चेनवर तू इंजिनचं जळकं तेल ओतत होतास, हे पाहताक्षणी कळलं. त्यावर धूळ बसते आणि दोन्ही मिळून लोखंड खातात. घर्षणाचा धडा होता आपल्याला, तू वहीवर ट्रकची चित्रं काढत बसायचास. मग कव्हरच्या जागेकडे वळले. गाडी पडताना चेनचं कव्हर तुटलं, असं तू सांगितलंस. तुटलं असतं तर बोल्टापाशी पत्र्याचा तुकडा राहिला असता. तुझ्या गाडीत बोल्टांच्या भोकांत तेल आणि माती दगडासारखी बसली होती, स्क्रूड्रायव्हरने कोरून काढावी लागली. ते कव्हर कितीतरी आधी निघालेलं आहे.

एवढ्यावर मी थांबले असते. माणूस घाबरला की खोटं बोलतो, असं म्हणून सोडूनही दिलं असतं. पण मागचं दात्यांचं चाक खरवडताना धागे निघाले. वरचे पोपटी. त्या दिवशी सिंधू पोपटी साडीत होती, ते निघणारच होते. त्यांच्या खाली, काळ्या मेणचट थरात गच्च बसलेला आणखी एक गुंता होता. रॉकेलमध्ये ब्रशने घासला तर रंग वर आला. जांभळा, आणि त्यात लाल काठाचं रेशीम. ते इरकल मी स्वतः घेतलं होतं, तिच्या दिवाळीसाठी. संक्रांतीला आली तेव्हा नेसली नव्हती. विचारलं तर म्हणाली, खिळ्याला अडकून फाटलं.

मी धागे वर्तमानपत्रावर वाळत घातले आणि तिला हाक मारली. तिनं वाकून ते पाहिले. मग म्हणाली, "दिवाळीचीच हाय, आई. तवा गाडी हळू होती म्हणून वाचले." तू ब्लेडने पदर कापून तिला सोडवलंस. खिळ्याचं तूच सांगायला लावलंस. घरी गेल्यावर तिनं कव्हर लावून घ्यायला सांगितलं, तर म्हणालास, कव्हर खडखडतं, हापिसातली पोरं हसतात, तू पदर सांभाळ. होळीच्या दिवशी लोह्याच्या अलीकडे पदर पुन्हा ओढला गेला, तेव्हा तो सोडवायला तिनं डावा हात घातला, कारण तिचा कामाचा हात तोच.

चेन पुसून कोरडी केली आहे. प्रत्येक कडीला आतून थेंब थेंब तेल दिलं, वरचं निपटून घेतलं. लॉक बसवताना त्याचं बंद तोंड चेन जाते त्या बाजूला ठेवलं आहे, ते बदलू नकोस. रविवारी ये. चावी शेजारच्या भामाबाईंकडे मिळेल, आमच्या दाराशी यायचं कारण नाही. नवं कव्हर मी बसवलेलं नाही. बसवायचं की नाही ते तू बघ, आता मागे बसणारं कोणी नाही.

खरं तर हे पत्र तिनंच लिहायचं होतं. ती डावरी आहे हे तुला ठाऊक आहे, तरी आठवण करून देते. सध्या पाटीवर उजव्या हाताने अक्षरं गिरवते आहे, पहिलीतल्या मुलासारखी. तुझ्या नावातला 'भ' अजून नीट येत नाही आणि तो घोटून घ्यायची मला घाई नाही. एवढं लांब तिला जमणार नाही म्हणून मी लिहिलं, तिनं शेजारी बसून ऐकलं. मध्येच उठून बाहेर गेली. परत आली तेव्हा हात काळे होते. तुझ्या गाडीचे मागचे दोन्ही फूटरेस्ट तिनं उजव्या हाताने पाना धरून काढले आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवले. म्हणाली, हे लिही, मग पाकीट बंद कर.

तुझी सासू नव्हे, तुझी
हनमंते बाई