वरच्या आळीतले अण्णा

१२ फेब्रुवारी १९७३
आजपासून रोज लिहायचं. कितीही थकलो तरी. कारण तसंच आहे.

शहागंजच्या टॉकीजचा ऑपरेटर ऑफिसात आला होता. म्हणाला, एका भंगारवाल्याकडं 'वरची आळी'चे डबे सापडलेत. मी खुर्चीतून उठलोच. 'वरची आळी' हे आधी नाटक होतं. बोलपट सुरू झाले तेव्हा त्याचाही बोलपट काढला. गावातले वरच्या आळीचे इनामदार आणि खालच्या आळीत नव्यानं वर आलेला जिनिंगवाला, यांचं वैर. आमचे वडील, अण्णा, तरुणपणी कोल्हापूरला पळून गेले ते त्यात काम करायला. इनामदाराचं. परत आल्यावर निजामाच्या महसूल खात्यात जन्मभर कारकुनी केली; पण चाल इनामदाराचीच राहिली.

मी तो बोलपट पाहिलेला नाही. कोणीच नाही. आता सगळ्या औरंगाबादला दाखवणार. पुढच्या महिन्यात एका रविवारी मॉर्निंग शो. आधी माझं भाषण.

१५ फेब्रुवारी
पाणी नाही. पहाटे नळ सोडला तर नुसती हवा. खर्रर्र करत येते, थांबते, परत येते. अण्णा जेवायला बसण्याआधी असाच घसा साफ करायचे. सौ. म्हणाली, नळ बंद करा, भीती वाटते. सायन्स समजावून सांगितलं. तरी बंद केला.

१८ फेब्रुवारी
सौ.नं विचारलं, शोला दमयंतीवन्संना बोलवायचं ना?

दमयंती माझी धाकटी बहीण. हर्सूलच्या पुंडलिकाशी लग्न केलं, कोणाला न विचारता. शेतकरी माणसं. तेव्हा चिखल तुडवत होती, आता शहर त्यांच्याकडं सरकतंय, शेताचे प्लॉट पडलेत, आणि दुष्काळात पुंडलिकाचे टँकर फिरतात. ती निघाली त्या दिवशी अण्णा ओसरीवर उभे राहून म्हणाले, "जा. आमच्या घरातलं एक ताट कमी झालं, नाव कमी झालं नाही."

काय वाक्य. मी मागंच उभा होतो. त्यानंतर ती अण्णांच्या शेवटच्या आजारातही आली नाही. म्हणजे आली होती. मी दारातूनच परत पाठवली. माझा तिच्यावर राग अजिबात नाही. फक्त अण्णांचा शब्द होता, आणि शब्द सांभाळायला घरात कोणीतरी लागतं.

सौ.ला म्हटलं, टॉकीज पब्लिक आहे, येणाऱ्याला कोण अडवणार.

२२ फेब्रुवारी
गल्लीत टँकर आला. पुंडलिकाचाच. मी ठरवलंय, ते पाणी पिणार नाही. रांगेत सौ. उभी राहते. चहा वेगळा; त्यात पाणी उकळतं.

४ मार्च
आरशासमोर भाषणाची प्रॅक्टिस. "माझे वडील" इथपर्यंत छान. पुढचं वाक्य जरा खालच्या पट्टीत घेतलं तर सौ. स्वयंपाकघरातून डोक्यावर पदर घेत धावत आली. मला पाहून उंबऱ्यातच उभी राहिली. म्हणाली, मला वाटलं, मामंजी.

आवाज वारशानं येतो, असं तिला सांगितलं. चांगलीच गोष्ट आहे.

११ मार्च, रविवार
शो झाला.

सगळं औरंगाबाद आलं नाही. ऑफिसचे काही जण आणि बाकी खडी फोडायच्या कामावर शहरात आलेली माणसं, सावलीत बसायला मिळेल म्हणून. भाषण आवरतं घेतलं. मागच्या रांगेत दमयंती आणि पुंडलिक. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

रीळ खराब होतं. चित्राला आतून कीड लागल्यासारखं. कपडे दिसतात, हात दिसतात, माणसं जिना चढतात, पण चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग, आणि तो सारखा हलतो. आवाज मात्र स्वच्छ. जिवंत माणसानं शेजारी बसून बोलावं इतका.

इनामदार आले. फेटा, काठी. मी ताठ बसलो. ते बोलले. बारीक, अनुनासिक आवाज. अण्णांचा नव्हे.

वाटलं, मशीनमधला दोष. पुढं इनामदार जिनिंगचं पाणी तोडतात. जिनिंगवाल्याची मुलगी विनवणी करायला वाड्यावर येते. इनामदारांच्या मुलाचं तिच्यावर मन असतं; तोही तिच्याबरोबर वाडा सोडून निघतो. इनामदार नुसते दिवाणजीकडं पाहतात. कोपऱ्यात वाकून उभा असलेला दिवाणजी पुढं होतो. चेहरा नाही. आणि अण्णा बोलले.

"जा. आमच्या घरातलं एक ताट कमी झालं, नाव कमी झालं नाही."

तीच फेक. 'ताट'वर तसाच थांबलेला श्वास. मी खुर्चीचा हात धरला. मागं कोणीतरी हसलं. बाईचं हसणं. मग ते हसणं राहिलं नाही.

बाहेर ऊन. दमयंती समोर आली, डोळे लाल. म्हणाली, "दादा, अण्णांनी मला पाठ केलेलं म्हटलं रे. मी इतकी वर्षं एकेक शब्द घेऊन बसले. ते त्यांचं नव्हतंच."

मी म्हटलं, प्रिंट फार जुनी आहे.

पुंडलिक म्हणाला, "दादा, घरी चला. ऊन लई झालंय. जेवून जावा."

मी म्हटलं, मला पाहुण्यांकडं बघायचंय. पाहुणे केव्हाच गेले होते.

१३ मार्च
शांतपणे विचार केला. दिवाणजी हीच खरी मध्यवर्ती भूमिका. इनामदार नुसता बसतो, काम दिवाणजी करतो. शिवाय ते वाक्य अण्णांचंच असणार. त्यांनीच लेखकाला सुचवलं असणार. सौ.ला हे सांगितलं. ती म्हणाली, मग त्यांनी ते त्याआधी कोणाला म्हटलं होतं?

बायकांना नाटक कळत नाही.

२१ मार्च
दमयंती माफी मागायला येईल. टॉकीजमध्ये हसली म्हणून. ऑफिसातून लवकर येतो. आली नाही.

ऑफिसात शिपायाला "जा" म्हणालो, फाईल आणायला. पुढचं सगळं वाक्य तोंडात तयार होतं. दात आवळून धरलं. शिपाई म्हणाला, साहेब, बरं नाही का.

३० मार्च
सौ. आज मला न विचारता हर्सूलला गेली. पुंडलिकाच्या टँकरमध्ये, ड्रायव्हरशेजारी बसून. आमच्या घरातली बाई. परत आली ती हसतमुखानं. दमयंतीनं निरोप दिलाय: दादाला म्हणावं ये. काही बोलू नकोस, नुसता ये.

जाणार. थोरल्यानं मोठेपणा दाखवायचा असतो. काय बोलायचं ते मात्र तयार करूनच जाईन.

५ एप्रिल
काल पाडवा झाला. काल जायचं होतं, ऊन होतं. मजकूर तयार आहे. प्रॅक्टिस मोठ्यानं करत नाही, मनातच. मनातही तो आवाज माझा येत नाही. सर्दी असावी.

८ एप्रिल, रविवार
हर्सूलला जाऊन आलो.

नवं घर, अंगणात कडुनिंब. दार नुसतं लोटलेलं. आत दमयंती सुपात गहू पाखडत होती. सूप वाजत होतं. पुंडलिक नव्हता. बरं वाटलं, बोलणं सोपं जाईल. कडी वाजवली.

आतून म्हणाली, "कोण?"

तयार केलेलं काहीच आठवेना. म्हटलं, "मी."

सूप थांबलं. मग तिनं विचारलं, अगदी हळू, लहानपणी विचारायची तसं, "अण्णा?"

नाही, केशव. एवढंच म्हणायचं होतं. शब्द तोंडाशी आला, पण तोंड उघडायला धजलो नाही. ती उठल्याचं ऐकू आलं, बांगड्या वाजल्या, पावलं दाराकडं येऊ लागली. मी अंगण ओलांडून रस्त्यावर आलो होतो.

बस मिळाली नाही, चालत आलो. सौ. दारातच उभी होती. भेटल्या का, म्हणाली.

म्हटलं, घरी कोणी नव्हतं.