धुरपदाच्या दोन थाळ्या

१२ जानेवारी १९९४

डोळ्यात फोलपट गेलं होतं माझ्या. लग्नाला महिना झाला असेल नसेल. गिरणीमागच्या ओसरीत डाळ निवडणाऱ्या बायकांमध्ये सासूबाईंनी मला नेऊन बसवलं होतं. भुसावळच्या कॉन्व्हेंटातली सून, सूप कसं धरतात ठाऊक नाही! पाखडायला गेले आणि सगळं तोंडावर. बायका खदखदून हसल्या. धुरपदा तेवढी उठली. माझ्याच वयाची, नशिराबादहून कामाला येणारी. पदराचं टोक तोंडाच्या वाफेनं ऊन केलं, माझी पापणी वर केली आणि फोलपट काढलं. "डोया उघडा ठेवा, वैनी. मिटला का आत जातं." बस्स, एवढंच. मग आम्ही दोघी पुन्हा निवडायला बसलो.

आज सही करताना हे का आठवावं?

लीलाधरनं बँकेचे कागद पुढे केले. हे गेल्यापासून निम्मी गिरणी माझ्या नावावर आहे, म्हणून माझी सही लागते. डाळ साफ करायचं मशीन येतंय. डाळ वरून धारेनं पडते म्हणे. आत विजेचा डोळा. डागी दाणा दिसला की हवेची एक फुंकर — दाणा बाजूला!

"आणि आपल्या बायका?" मी विचारलं.

"आई, रतिलालभाईंचा फॅक्स तूच वाचून दाखवलास ना मला?"

मीच. लेस्टरचे रतिलालभाई कितीतरी वर्षं आमची तुरीची डाळ घेतात. त्यांची इंग्रजी पत्रं मीच वाचते, उत्तरंही मीच लिहिते. त्यांनी स्पष्ट कळवलंय — हातानं निवडलेला माल यापुढे नको. तिथल्या मोठ्या दुकानांना एका रंगाची डाळ हवी. मागे एका पाकिटात बांगडीचा तुकडा निघाला होता, तो त्यांनी अजून विसरलेला नाही. ब्रह्मदेशची तूर मशीनवर साफ होऊन तिकडे जाते आणि आपल्यापेक्षा स्वस्त पडते. लीलाधर म्हणतो, यंदा मशीन नाही घेतलं तर पुढच्या वर्षी गिरणीला कुलूप. तो खोटं बोलत नाही.

सही केली. वळणदार आली. सिस्टर अॅग्नेसनी घोटून घेतलेलं अक्षर!

पण दिवाळीत ओसरीत बसून मी बायकांना काय म्हटलं होतं? "मी आहे तोवर तुमच्या हाताला काम आहे." कुणी मागितलं नव्हतं वचन. मीच दिलं. प्रेमानं!

१५ जानेवारी

शनिवार. ओंजळीचा दिवस. हा सासूबाईंचा, म्हणजे बायकांच्या आक्काचा, पायंडा — हप्ता वाटून झाला की घरच्या बाईनं प्रत्येकीच्या पदरात ओंजळभर चांगली डाळ घालायची. नोकराच्या हातून नाही, स्वतःच्या.

बेबाबाई म्हणाली, "वैनी, तुमची ओंजय लहान व्हत चालली वं! आक्काचा हात कसा, परातीएवढा!"

धुरपदा म्हणाली, "आक्कानं भाकरी थापल्या. यायनी पेन धरला. कोठून मोठा व्हईन हात?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. आज सांगायचंच असं ठरवून गेले होते. हसण्यात राहून गेलं. राहून गेलं कसलं — मी राहू दिलं.

२ फेब्रुवारी

लिहायला नको वाटतंय. पण लिहायचं. शाळेत निजण्यापूर्वी गुडघ्यांवर बसून दिवसाचा झाडा घ्यायला लावायच्या सिस्टर. मी हिंदू मुलगी, मला सूट होती. तरी घ्यायची.

पुण्याचा इंजिनियर आलाय. मशीनच्या डोळ्याला म्हणे आधी शिकवावं लागतं. चांगला दाणा कोणता, फेकायचा कोणता. त्यासाठी हातानं निवडलेल्या दोन थाळ्या हव्यात. एक चांगलीची, एक टाकाऊची. "तुमच्यातल्या सगळ्यात जुन्या बाईंकडून करून घ्या."

लीलाधर म्हणाला, "आई, धुरपदाबाईंना तू सांग. तुझं ऐकतात. आणि कशाला ते बोलू नकोस. आत्ताच ओरड नको."

मी सांगितलं. म्हटलं, "धुरपदा, रतिलालभाईंना नमुना पाठवायचाय."

ती माझ्याकडे बघत राहिली जरा. "परदेशात?"

"हो."

"मंग नीट करा लागीन."

दुपारभर ओसरीच्या कडेला उन्हात बसली. मी शेजारी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू; अक्षर भिंगाखाली धरून वाचते, पण मला दोन्ही थाळ्या सारख्याच पिवळ्या. तिचे हात तेवढे दिसत होते, आणि तिच्या नातीच्या बाळंतपणाच्या गोष्टी ऐकू येत होत्या. चहा दिला. वरचे पैसे द्यायला गेले तर हात मागे घेतला. "तुमच्यासाठी केलं, वैनी. त्याचे काय पैसे?" जुन्या निळ्या लुगड्याची दोन फडकी फाडून आणली होती. त्यात थाळ्यांवरची डाळ वेगवेगळी बांधली आणि माझ्या हातात ठेवली.

तिच्याच हातानं तिची जागा घेणाराला शिकवलं मी. आणि चहा पाजला!

३ फेब्रुवारी

ओसरीकडे फिरकले नाही.

१९ फेब्रुवारी

मशीनची पूजा झाली. ओसरीला लागून काचेची खोली बांधलीय, आत गार हवा. लीलाधरनं सगळ्या बायकांना बोलावलं, नारळ फोडला, पेढे वाटले. इंजिनियरनं दोन गाठोडी सोडून दाखवली — मशीन यावरूनच शिकलं म्हणे.

कमलबाईची नजर पहिली गेली. "धुरपदे! हे तं तुह्या लुगड्याचं फडकं!"

मशीन सुरू झालं. टक् टक् टक् — पावसाचे थेंब पत्र्यावर पडावेत तसं. एका बाजूनं पिवळी धार, दुसऱ्या बाजूनं टाकाऊ. बायका आधी नुसत्या बघत होत्या. लहान पोरं जत्रेत पाळणा बघतात तशा. मग लीलाधरनं सांगितलं. महिनाअखेरपर्यंत काम. पुढे तिघींना पोती शिवायला ठेवू, बाकीच्यांना पंधरा दिवसांचा हप्ता वर.

आणि कमलबाई वळली — माझ्यावर नाही, लीलाधरवर नाही. धुरपदावर.

"तूच शिकवलं व्हय याले? आमच्या पोटावर पाय देल्ला तू! किती पैसे घेतले वं?"

मागून दुसरी ओरडली, "बोल ना. मूग गियले का?"

मी तिथेच उभी होते. हातात पेढ्यांचं ताट. एक वाक्य बोलायचं होतं — मी सांगितलं होतं तिला, मी फसवलं. एवढंच. इंग्रजीत पानं लिहिते मी! एक मराठी वाक्य निघालं नाही.

धुरपदानं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग बायकांना म्हणाली, "चाला वं साऱ्या. पेढे खा, न् घरी चाला."

एवढ्या बोलण्यात तिनं मला झाकलं. आणि मी झाकून घेतलं.

२६ फेब्रुवारी

शेवटचा शनिवार. दोन्ही हात भरभरून डाळ घेतली. कमलबाईनं पदर पुढे केला, मी ओंजळ घातली — आणि तिनं पदर उलटा केला. डाळ फरशीवर. "राहू द्या. यंत्राले लागीन." बाकीच्यांनी घेतली, पण कुणी वर पाहिलं नाही.

धुरपदा आली नाही. बेबाबाईला विचारलं. "तिच्याशी आमी कोनी बोलत नही, वैनी. हळदीकुंकवालेबी कोनी सांगतलं नही तिच्या सुनेले."

नशिराबाद इथून किती लांब? गाडी दारात उभी असते. गेले नाही.

१४ मार्च

कमलबाई रावेरला गेली, केळी भरण्याच्या कामावर. घडाला कागद गुंडाळायचा आणि ट्रकमध्ये रचायचा. बेबाबाई पोती शिवते. काल विचारत होती, मशीनचं बटण बाईमाणसानं दाबलं तर चालतं का. इंजिनियर हसला, पण दाबायला शिकवलं. बाकीच्या कुठे कुठे पांगल्या. ओसरीत आता टाकाऊची पोती रचतात.

लीलाधरनं कॉम्प्युटर घेतलाय. म्हणतो, "आई, आता पत्रं यावर टाइप होतील. तू फक्त तपासून दे." किती हळुवार सांगितलं! मलाही पंधरा दिवसांचा हप्ता वर दिला, असं वाटलं. वाटलं ते बरंच झालं.

२० मार्च

उद्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी धुळ्याला. आधी एक डोळा. बहिणीकडे राहीन.

९ एप्रिल

परत आले. सगळं इतकं स्वच्छ दिसतंय की लाज वाटते. स्वतःचे हात पाहिले. म्हातारे आहेत, आणि मऊ.

मी नसताना रतिलालभाईंचा फॅक्स आला होता. लीलाधरनं अडखळत वाचून दाखवला. खूश आहेत — असा एकसारखा पिवळाधमक माल जळगावहून पहिल्यांदाच आला. दुप्पट ऑर्डर!

आमचे जुने मुकादम कौतिकभाऊ एक सांगत होते. मागच्या आठवड्यात धुरपदा फाटकाशी आली होती. लीलाधरला विचारलं, "भाऊ, टाकाऊ दाय कोनाले देता?" तो म्हणाला, ढेपवाल्या भाईदासला, गुरांसाठी. तिनं मागितली. तो हसून म्हणाला, "का हो, बैल घेतले का तुम्ही?"

"बैल कोठले? पन खानारी तोंडं हायेत घरी."

भाईदासशी बोलणं झालंय, असं सांगून त्यानं तिला परत पाठवलं. भाईदास सोमवारपासून पोती उचलणार आहे, एकदम वर्षभराची बोली.

मी धुळ्यात होते. इथे असते तर काय केलं असतं, ते विचारायला नको.

१५ एप्रिल

भाईदासचा ट्रक बिघडला म्हणून पोती अजून ओसरीतच आहेत. आज तिथे गेले. कुणी नाही. माझी जुनी जागा झाडली, एका पोत्याचं तोंड सोडलं, सुपात डाळ घेतली आणि बसले. कशासाठी? तिच्यासारखं बसून बघावं म्हणून असेल.

डागी दाणे होते. हिरवे, किडलेले होते. पण निम्मी डाळ चांगली! रंगानं जरा फिकी, एवढंच. मूठभर घरी आणून शिजवली. तीच चव, तसंच वरण. रतिलालभाईंच्या दुकानात चालणार नाही, पण इथे कुणीही डोळे मिटून घेईल.

मशीन चुकतंय! लीलाधर गावात होता म्हणून मीच इंजिनियरला फोन लावला. म्हणाला, "मॅडम, मशीनला जे दाखवलं तेच ते फेकतं. शंका असेल तर त्या दोन थाळ्यांचा माल कपाटात आहे, बघून घ्या. बदलायचा असेल तर येतो."

उद्या बघते आणि लीलाधरला सांगते. निदान एका बाबतीत तरी वेळेवर तोंड उघडावं.

१६ एप्रिल, शनिवार

सकाळी गाठोडी सोडली. चांगलीच्या फडक्यात नुसतं सोनं. टाकाऊच्या फडक्यात डागी, हिरवे, किडके — आणि त्यांच्यात एकजीव मिसळलेली फिकी, चांगली डाळ. ओंजळभर असेल. इतकी वर्षं डाळ निवडणारी बाई ओंजळभर चुकत नाही.

म्हणजे थाळ्या कशासाठी, ते त्या दुपारीच तिला ठाऊक होतं. माझ्या शेजारी बसून, नातीच्या गोष्टी सांगत, माझा चहा पीत. सगळ्या बोलल्या तेव्हाही गप्प राहिली — बोलली असती तर हे फुटलं असतं. आणि म्हणूनच मग टाकाऊ मागायला फाटकाशी आली.

एकटीच हसले मोठ्यानं. मग तोंडावर पदर धरावा लागला.

लीलाधरला काही सांगितलं नाही. वाढत्या ऑर्डरसाठी बँकेला पुन्हा माझी सही हवी होती. म्हटलं, आधी माझ्या टाकाऊच्या कागदावर तुझी दे. भुश्शासाठी एवढा स्टॅम्पपेपर, म्हणून हसत दिली. आता असं —

टाकाऊ डाळ सगळी ओसरीतल्या बायकांची, कायम. दर शनिवारी न्यायची, पोती उघडून कुणी पाहायची नाहीत. भाईदासला नकार. ओसरी आणि मागच्या दाराची किल्ली धुरपदाला, सुपं ज्यांची त्यांना, कमलबाईचं रावेरला पोचवायचं. मशीन, ऑर्डर, नाव लीलाधरचं. इंजिनियरला बोलवायचं नाही. धुरपदानं केलेला नमुना गाठी मारून होता तिथे.

उद्या नशिराबादला जाते. खोटं मी बोलले, धुरपदा नाही, हे सगळ्यांना सांगायचं. बाकीचं कुणालाच नाही. तिलासुद्धा नाही.