ओपोकूच्या वाटणीची बाटली

कुमासी

प्रिय ओपोकूदादा,

आधी एका घोर अन्यायाची नोंद घे. इस्पितळाच्या फाटकावर आंबवलेल्या मक्याची केंकी विकणारी बाई आज माशाबरोबर मिरचीची चटणी द्यायला विसरली. या देशाचं पुढे काय होणार, कोण जाणे.

आईच्या मांडीतली रक्तवाहिनी पार गुडघ्यापर्यंत तुंबलीय आणि अंगठा काळा पडू लागलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जांघेतून तार घालून फुग्याने वाट मोकळी करता येईल आणि दोन दिवसांत घरी सोडू, पण एवढा लांब अडथळा पुन्हा तुंबू शकतो. बायपास, म्हणजे पाय उघडून रक्ताला दुसरी वाट जोडणं, जास्त टिकेल, पण तिच्या हृदयाला ते झेपेल का, हे त्या छातीठोकपणे सांगत नाहीत. तू आक्राहून फोनवर हुकूम सोडलास, "चिरफाड नको." जणू पाय तुझाच.

आई म्हणाली, "मला बाजारात दिवसभर उभं राहायचंय. एकदाच काय ते कापा. दरवर्षी यायला हे काय माझं माहेर आहे?"

मी बायपासच्या कागदावर सही केली. ऑपरेशन उद्या सकाळी आहे.

घरच्यांनी दोन बाटल्या रक्त द्यायचं असतं. एक लेकीची, एक लेकाची, असं आईनेच वाटून टाकलं. माझी कालच दिली. आज तिने विचारलं, "ओपोकूने दिलं का गं?"

"दिलं की," मी म्हणाले.

मग खाली जाऊन माझ्या नवऱ्याला रक्तपेढीत बसवलं. त्याने लगेच बाही वर सारली.

तुझी धाकटी,
सेरवा