समुद्रात विसरलेली माणसं

गुरुवार, १३ मार्च

विन्स्लो आज दोन बायकांना समुद्रात विसरून आला. म्हणून लिहायला बसले आहे. हे कुणाला सांगितलं तर नवऱ्याची बोट जाईल, आणि नाही सांगितलं तर कुणाचा तरी जीव जाईल. कागदाला सांगितलं तर काही जात नाही.

घडलं ते असं. सकाळी हॉलंडच्या दोघी बहिणी घेऊन गेला. सत्तरीच्या, हसऱ्या. आधी खडकांवर प्रवाळ आणि मासे, मग नायलॉन पूल. भर समुद्रातला वाळूचा उथळ पट्टा तो. कमरेएवढं काचेसारखं पाणी, आणि किनारा लांब, पेन्सिलीच्या रेघेएवढा. पाहुणे तिथे उतरतात, डुंबतात, परत बोटीत चढतात.

हा दुपारी रिकामी बोट घेऊन आला. धक्क्याला बांधली, हात धुतले, पानावर बसला. ‘आज गिऱ्हाईकच नाही, मर्ल.’ मी अळूच्या पानांचं कालालू वाढलं. त्याने दोनदा मागून घेतलं.

तासाभराने केनरिक आला. तोही बोटवाला, शाळेत माझ्या हाताखालून गेलेला. त्याच्या बोटीत त्या दोघी, ओल्या, लालबुंद, हसून बेजार! ‘तुमचा नवरा भलताच गमत्या! आम्हाला वाटलं, हाही सहलीतलाच खेळ!’ विन्स्लोने त्यांच्याकडे पाहिलं. क्षणभरच. त्याच्या डोळ्यांत काही नव्हतं. मग तोही हसला, शहाळी फोडून दिली.

केनरिक स्वयंपाकघराच्या दाराशी थांबला. ‘बाई, भरती चढत होती.’

‘कळतं मला. चहा घे.’

‘बाई, मी योगायोगाने तिकडे गेलो.’

चाळीस वर्षं मी फळ्यावर भरती-ओहोटी काढून दाखवली. मला सांगतो!

चहा न घेता गेला. जाताना एवढंच – ‘किल्ली काढून घ्या त्याच्याकडून.’

शुक्रवार, १४ मार्च

किल्ली मागितली. सरळ. आडवळण मला येत नाही.

इंजिनची किल्ली त्याच्या गळ्यात असते, लाल दोरीत, बुडू नये म्हणून बूच लावलेली. आंघोळीलाही काढत नाही. बूच मुठीत धरून हसायला लागला. ‘तू बोट चालवणार? बादलीतलं पाणी हललं तरी तुला मळमळतं.’

मी म्हटलं, काल दोघींना विसरलास.

‘कुठल्या दोघी?’

त्याला खरंच माहीत नव्हतं. मी विषय सोडला. आयुष्यात पहिल्यांदा.

रविवार, १६ मार्च

ठरवलं. मीही जाणार बोटीवर, रोज. त्याने न्यायची माणसं, मी मोजायची.

त्याला खरं कारण सांगितलं नाही. म्हटलं, घरात बसून कंटाळा येतो. एवढा आनंद! बोटीतली बाकं घासली, माझ्यासाठी उशी आणली, शेजारी ओरडून सांगितलं – ‘अहो, मास्तरीण पाण्यात उतरतेय! ओहोटी उलटी लागणार!’

त्या आनंदाकडे मला बघवेना.

बुधवार, १९ मार्च

दोनदा ओकले. पण मोजणी चोख.

सहल अशी. हॉटेलांसमोरून जाताना हा बोट मुद्दाम किनाऱ्यालगत नेतो आणि शंख फुंकतो. खुर्च्यांवर तेल चोपडून पडलेली माणसं दचकून उठतात. ‘खारवलेल्या माशासारखी वाळत पडलीत! अरे, उन्हं तुमच्या देशातही असतील थोडीफार! उठा!’ लोक हसतात, दोघे-तिघे उठतात, उद्यासाठी नावं देतात. पुढे खडक. मग नायलॉन पूल. मग नो मॅन्स लँड म्हणतात त्या निर्मनुष्य किनाऱ्यावर, वाळूत चूल मांडून मासा भाजायचा. चुलीपुढेही तोच बसतो, कुणाला हात लावू देत नाही.

नायलॉन पूलमध्ये त्याचं ठरलेलं भाषण: ‘इथे एक बुडी मारली की माणूस दहा वर्षांनी तरुण होतो. नवऱ्याला बुडवताना बेतानं हं, ताई, नाहीतर शाळेत घालावा लागेल!’

सगळे हसले. मी माणसं मोजत होते.

गुरुवार, २७ मार्च

आज मी पाण्यात उतरले. पहिल्यांदा.

त्याने मला पाण्यातला चष्मा चढवला, पट्टा माझ्या केसांत अडकू नये म्हणून किती जपून. ‘श्वास तोंडाने. हात सोडू नकोस.’ मी डोकं खाली घातलं. निळे पोपटमासे प्रवाळ कुरतडत होते. आवाज येतो! कडक बिस्किट चावल्यासारखा कुरकुर आवाज, सगळीकडून. इतकी वर्षं हा मला सांगत होता आणि मी परीक्षेचे पेपर तपासत होते. वर आले तर हा माझ्या तोंडाकडे बघत उभा. ‘ऐकलंस?’

ऐकलं, म्हटलं.

चांगले दिवस चालले आहेत. बोटीवर एक शब्द चुकत नाही त्याचा. खडकांतली वाट हाताला पाठ. मला वाटायला लागलं, तो दिवस एखादा अपघात असेल. वाटलं आणि लगेच स्वतःवर चिडले. मुलांना मी कधी आशेवर पास केलं नाही.

सोमवार, ७ एप्रिल

शंखाचं भाषण आज तीनदा केलं. पाहुण्या तिन्ही वेळा हसल्या. तिसऱ्यांदा एकमेकींकडे बघून.

मंगळवार, २२ एप्रिल

बकऱ्यांची शर्यत. सगळं गाव मैदानात, पाहुणेही. पांढऱ्या चड्डीतले धावपटू दोरी धरून बकऱ्यांमागे अनवाणी सुटतात आणि शहाणीसुरती माणसं वेडी होतात. मला हा प्रकार कधी आवडला नाही.

विन्स्लो कुंपणावर चढून ओरडत होता – ‘पळ, कॅप्टन! पळ रे माझ्या राजा!’ कॅप्टन त्याच्या वडिलांचा बोकड. आमच्या लग्नाआधी मेला.

आजूबाजूचे लोटपोट. ‘विन्स्लोदादा मेलेल्या बोकडावर पैज लावतो!’ कुणीतरी त्याला पाठीवर थाप मारली, बिअर दिली. शर्यत संपल्यावर तो माझ्याकडे वळला. डोळ्यांत पाणी. ‘दिसला नाही तो. आणला नाही का बाबांनी?’

म्हटलं, पुढच्या फेरीत असेल.

गमत्या माणसाचं आजारपण कुणाला दिसत नाही. तो पडला तरी टाळ्याच.

टँटी आयोना, सगळ्या गावाची मावशी, आमच्या वयाची. खेकडा-डम्पलिंगची गाडी लावते. तिने वाढता वाढता टोमणा मारलाच – ‘काय गं मर्ल, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय म्हणे! पावलाला पाऊल लावून हिंडतेस. पळून जाईल की काय तो?’

‘तिखट जास्त झालंय,’ मी म्हटलं.

लांब उभा केनरिक एकटा हसत नव्हता.

गुरुवार, १ मे

घडलं त्या क्रमाने लिहिते.

नायलॉन पूलहून परतताना, खडकांच्या मध्ये, विन्स्लोने इंजिन बंद केलं. बोटीत पाहुणे भरलेले. एक बाई पोटुशी. वारा वाढला होता आणि बोट आडवी होत होती. तो सुकाणूवर हात ठेवून नुसता उभा. मी पुढून मागे गेले, बाकं धरत धरत. तो माझ्या कानाशी वाकला.

‘मर्ल, घर कुठल्या बाजूला?’

समोर बेट दिसत होतं. डोंगर, नारळ, चर्चचं छप्पर. सगळं स्वच्छ उन्हात.

पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारलं, काय झालं? आणि विन्स्लो – तोंड पांढरं पडलेलं – टोपी काढून म्हणाला, ‘मंडळी, एक मिनिट गप्प बसा. समुद्राचंही थोडं ऐकावं लागतं.’ सगळ्यांनी डोळे मिटले. त्या पोटुशीने पोटावर हात ठेवला. त्यांना वाटलं, केवढं सुंदर!

मी त्याचा हात सुकाणूसकट धरला आणि दुसऱ्या हाताने किनारा दाखवला. खालून खडक खरवडल्याचा आवाज आला. एकदाच. मग त्याने किल्ली फिरवली आणि त्याच्या हाताला वाट आठवली.

उतरताना प्रत्येकाने त्याचे आभार मानले. त्या पोटुशीने त्याच्या गालाचा मुका घेतला. मी धक्क्यावरच बसून राहिले.

संध्याकाळी केनरिककडे गेले. उद्यापासून आमचे पाहुणे तू ने, म्हटलं.

‘नेतो. पण किल्ली मी मागणार नाही, बाई. मला पोहायला त्याने शिकवलंय. धक्क्यावरून उचलून पाण्यात फेकलं होतं.’

‘तुला कोण सांगतंय? माझा नवरा आहे. मी घेईन.’

‘आणि नाही दिली तर?’

‘केनरिक, मी कधी कुणाकडून काही मागून घेतलंय का? हात पुढे केला की देतात.’

तो मान खाली घालून म्हणाला, ‘हो, बाई.’ शाळेत म्हणायचा तसाच. खोटंच.

शुक्रवार, २ मे

दुपारी तो झोपला असताना दोरी कापायला कात्री घेऊन गेले. झोपेतही मूठ बुचावर. चेहरा इतका निवांत! कात्री परत ठेवली.

शनिवार, ३ मे

पहाटेच जाऊन बोटीत बसला. मी इंधनाची नळी आधीच काढून न्हाणीत लपवली होती. चोरासारखी. त्याने किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली. इंजिन बोलेना. पाहुणे केनरिकच्या बोटीत चढले, याला हात हलवून गेले. यानेही हलवला.

दुपारपर्यंत तिथेच बसून. जेवायला ये म्हटलं तर, ‘माझी माणसं यायची आहेत.’

मी थाळी तिथेच नेली. रागावले नाही. रागावता आलं असतं तर बरं झालं असतं.

रविवार, ४ मे

विन्स्लोने किल्ली दिली. मला नाही – धक्क्यावर आलेल्या एका पाहुणीला.

मी चहा घेऊन गेले होते. मला बघून उठला, टोपी काढली. ‘माफ करा मॅडम, आज बोट नाही. तुम्ही केनरिककडे जा, चांगला पोरगा आहे.’ मग गळ्यातली दोरी डोक्यावरून काढली. ‘एक काम कराल? त्या निळ्या दाराच्या घरात माझी बायको आहे. मास्तरीण. तिला ही द्या. मीच दिली असती, पण तिच्यासमोर मला रडू येईल. आणि तिला रडलेलं चालत नाही.’

मी हात पुढे केला.

‘नक्की द्याल ना?’

‘देईन.’

मिळालं: किल्ली एक, लाल दोरी, बूच. घरी पोचवलं.